मोरपिसाची आडवाट

डोंगराच्या कुशीत एक दाट रान होते आणि त्या रानात, काळ्या कातळापासून जवळच, एक सायाळ राहत असे. सायाळ म्हणजे साळिंदर. मुलांनो, तुम्ही तिला पाहिले नसेल, पण जमिनीवर पडलेला तिचा काळा-पांढरा काटा कोणीतरी तुम्हाला दाखवला असेल. असे लांबलचक काटे तिच्या पाठीवर दाटीने उगवलेले होते. ती स्वभावाने गरीब होती, पण काट्यांमुळे कोणी तिच्याजवळ बसत नसे. बोलणारे दुरूनच बोलत आणि आपल्या वाटेने निघून जात.

वर्षातले काही महिने मात्र तिचे दिवस आनंदात जात. पावसाळा सरला की काळ्या कातळावरून ओढ्याचे पाणी एकसारखे वाहू लागे. कातळ चांगला उतरता आणि लांबलचक होता. त्यावर हिरवे, बुळबुळीत शेवाळ धरे आणि खाली निळा डोह भरलेला असे. रानातल्या सगळ्या प्राण्यांची ती घसरगुंडी होती. पळस फुलेपर्यंत तिथे रोज जत्रा भरे. कातळाच्या माथ्यावर एक अस्वल बसलेले असे. आलेल्याच्या पाठीवर पंजा ठेवून ते हलकेच ढकलत असे. सायाळीच्या पाठीवर आधी सागाचे मोठे पान ठेवी, मग पंजा. खाली डोहाकाठच्या फांदीवर खंड्या बसे. घसरत आलेला प्राणी डोहातून बाहेर निघाला की खंड्या शीळ घाली, आणि शीळ ऐकल्याशिवाय अस्वल पुढच्याला सोडत नसे. नाहीतर एकाच्या डोक्यावर दुसरा येऊन आदळला असता.

एका वेळी एकच जण जाऊ शके, त्यामुळे रांग लागणे आलेच. जो आधी येईल तो पुढे, जो नंतर येईल तो मागे. माथ्यापासून निघालेली रांग कातळाला वळसा घालून जांभळींच्या सावलीत उतरे. रांगेत उभ्या असलेल्याला कोणी इजा करायची नाही, हा तिथला रिवाज होता. म्हणून बिबट्याच्या मागे भेकर उभे राही आणि भेकराच्या मागे सशीण आपल्या पिल्लांना घेऊन उभी राही. कोणाला नवी पिल्ले झाली, कोणत्या उंबराला फळ धरले, कोणाचे कोणाशी बिनसले, हे सगळे त्या रांगेतच कळत असे. रांग म्हणजे रानाचा कट्टाच होता म्हणा ना.

याच रांगेत सायाळीला तिचा सोबती मिळाला. ते एक म्हातारे कासव होते. सगळे त्यांना आजोबा म्हणत. सायाळीच्या शेजारी खेटून बसायची सोय रानात फक्त त्यांनाच होती, कारण त्यांच्या पाठीला काटा रुतत नव्हता. पहिल्यांदा ते येऊन बसले तेव्हा सायाळ दचकून बाजूला सरकली होती.

"सरकतेस कशाला?" आजोबा म्हणाले होते. "तुझे काटे आणि माझं कवच. आपलं दोघांचं बरं जमेल."

तेव्हापासून दोघे रांगेत शेजारीशेजारी उभे राहत. आजोबा गोष्टी सांगत. दुष्काळात डोह आटला होता तेव्हाची, माणसे शिकारीसाठी हाकारे घालत रानात शिरली होती तेव्हाची, आणि तरुणपणी एका घारीने त्यांना उचलून नेले आणि कंटाळून गवतात टाकून दिले, ती तर पिल्ले पुन्हा पुन्हा सांगायला लावत. गोष्ट रंगात आली की पाळी जवळ आल्याचे भानही राहत नसे. मग पाळी आली की आजोबा पाय आत घेत आणि पाण्याबरोबर सुसाट खाली जात. एरवी एकेक पाऊल सावकाश टाकत चालणारे आजोबा त्या कातळावर हरणापेक्षा वेगाने जात. डोहातून वर येताना ते मान बाहेर काढून खदाखदा हसत. "जन्मभर हळू चाललो," ते म्हणत, "पण इथं मला कुणी गाठून दाखवावं."

पुढे एका वर्षी हंगाम नुकताच सुरू झाला होता. रानात एक कोल्हा होता. तो चतुर होता, पण त्याला कशाचीही वाट पाहणे जमत नसे. रांगेत उभा राहिला की तो पाय बदलत राही आणि पुढच्यांच्या पाठी पाहून चडफडे. एका सकाळी तो मधाने भरलेले पोळे घेऊन अस्वलासमोर हजर झाला. अस्वलाला मध फार प्रिय, पण हंगामात दिवसभर माथ्यावर बसावे लागत असल्याने त्याला पोळी शोधायला सवड मिळत नसे.

"अस्वलदादा, तुम्ही एवढे राबता, पण तुमच्या हाती काय लागतं?" कोल्हा म्हणाला. "माझं ऐका. जो पोळं आणून देईल त्याला आपण एक मोरपीस देऊ. हंगामभर चालेल असं. त्यानं रांगेत उभं राहायचं नाही. पलीकडच्या कारवीच्या झुडपांतून आडवाट आहे, तिकडून थेट तुमच्याकडे यायचं. पिसांची व्यवस्था मी बघतो. मला थोडा मध दिलात तरी पुरे."

अस्वल विचारात पडले. "पण रांगेतल्यांना जास्त वेळ थांबावं लागेल."

"उलट आहे," कोल्हा म्हणाला. "पीसवाले रांगेत नसणार. म्हणजे रांग तेवढी कमीच होणार की नाही?"

अस्वल भोळे होते. त्याला ते पटले. शिवाय मधाचा वास नाकात शिरला होता.

सुरुवातीला कोणाच्या फारसे लक्षात आले नाही. बिबट्याने पीस घेतले, मग उंच झाडांवरची पोळी सहज काढणाऱ्या माकडांनी घेतले. कारवीतून अधूनमधून कोणीतरी येई, अस्वल त्याला सोडी, खंड्या शीळ घाली आणि मग पुन्हा रांगेतला एक जाई. पुढे दोन पीसवाल्यांमागे रांगेतला एक जाऊ लागला. त्यानंतर तर पीसवाले येतच राहत आणि रांग जागची हलत नसे. पूर्वी जांभळींपाशी संपणारी रांग हिरड्यांपर्यंत गेली, हिरड्यांवरून खाली आमराईपर्यंत गेली. दिवस मावळला की अस्वल घसरगुंडी बंद करी, आणि सकाळपासून उभे असलेले कितीतरी प्राणी तसेच परत जात. ज्यांना झाडावर चढता येत नव्हते, ज्यांना माश्यांची भीती वाटत होती, असेच सारे आता रांगेत उरले होते. सशीण, भेकर, थोराड अंगाचा गवा आणि आजोबा.

रांगेतल्या गप्पाही आटल्या. सगळ्यांचे डोळे कारवीकडे लागलेले असत. "बघा, आणखी एक आला," एवढेच बोलणे होई. एकदा आजोबांनी घारीची गोष्ट सुरू केली, पण मध्येच कारवी हलली आणि सगळ्या माना तिकडे वळल्या. आजोबा थोडा वेळ थांबले. कोणी "पुढे काय झालं" असे विचारले नाही, तेव्हा त्यांनी मान कवचात घेतली.

सायाळ या सगळ्याला कंटाळली. परत परत रिकाम्या हाती घरी जाऊन तिचा जीव मेटाकुटीला आला होता. एके दिवशी ती रांगेत गेलीच नाही. कपारीतले, हाताशी येईल असे पोळे शोधत रानभर हिंडली. पहिल्या दिवशी मिळाले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. शेवटी एका खडकाच्या फटीत तिला पोळे दिसले. माश्यांना तिच्या पाठीचे काही करता येईना, म्हणून त्या तिच्या नाकावर तुटून पडल्या. सुजलेले नाक घेऊन ती कोल्ह्याकडे गेली आणि मोरपीस घेऊन आली.

त्या दुपारी उशिरा ती कारवीतून निघाली. झुडपांच्या फटीतून तिला रांग दिसत होती. कोणाची नजर आपल्यावर पडू नये म्हणून ती खाली मान घालून चालत राहिली. पुढे तीन-चार पीसवाले उभे होते. कोणी कोणाशी बोलत नव्हते. तिची पाळी आली. अस्वलाने सागाचे पान उचलले.

"अगं, किती दिवसांनी," ते म्हणाले, आणि त्याने तिला सोडले.

पाणी तेच होते, शेवाळ तेच होते. सायाळ डोहात पडली, बाहेर आली, अंग झटकले. इतक्यात खंड्याने दिवसाची शेवटची लांब शीळ घातली. सूर्य डोंगरामागे गेला होता. सायाळ वळसा घालून वर गेली, तर रांग मोडत होती. सगळ्यात पुढे, अगदी माथ्याच्या टोकाशी, आजोबा बसलेले होते.

"आजोबा, तुमचा नंबर लागला नाही?"

"लागलाच होता," आजोबा म्हणाले. "मी पहिला होतो. अस्वलानं मला पुढे यायची खूणसुद्धा केली. तेवढ्यात कारवीतून कुणीतरी आलं. अस्वलाच्या पाठीआड कोण ते दिसलं नाही. असो. आता घरी जाऊन परत यायचं म्हणजे उद्याची संध्याकाळ होईल. इथंच पडतो झाडाखाली."

न सांगता निघून जाणे सोपे होते. पण आजोबांशी खोटे वागणे तिला जमले नाही.

"ती मी होते, आजोबा."

आजोबांनी तिच्याकडे पाहिले. मग म्हणाले, "नाक केवढं सुजलंय तुझं. चिखल लाव त्याला, ठणका कमी होईल."

ते रागावले असते तर सायाळीला बरे वाटले असते. तिने मोरपीस त्यांच्यापुढे ठेवले. "हे तुम्ही घ्या. हंगाम संपेपर्यंत चालतं. उद्या सकाळी कारवीतून या, पहिलाच नंबर लागेल."

"आणि माझ्यामागे सशीण उभी आहे, तिला काय सांगू?" आजोबा म्हणाले. "मी मधूनच घुसलो तर तिची पाळी मागे जाईल. ती गेली की भेकराची, मग गव्याची. शेवटी जो कुणी मावळतीला उरेल तो माझ्यामुळे राहून जाईल. आज मी राहिलो, तसा. नको ग. हे पीस हलकं दिसतं, पण मला पेलवायचं नाही."

सायाळ घरी गेली, पण तिचे मन थाऱ्यावर नव्हते. पळसाला कळ्या धरू लागल्या होत्या. ओढ्याचे पाणी उतरत चालले होते. आजोबांना या हंगामात एकदाही घसरता आले नव्हते, आणि ते आता इतके थकले होते की पुढचा हंगाम कोणी पाहिला होता?

सकाळी घसरगुंडी सुरू होण्याआधीच ती माथ्यावर गेली आणि अस्वलाला म्हणाली, "दादा, माझ्याबरोबर जरा खाली चला."

"आता? लोक येतील."

"लोक आलेलेच आहेत. तेच बघायला चला."

अस्वल कुरकुरत उठले. माथ्यावरून त्याला रांगेतले पहिले दोघे-तिघेच दिसत. पुढची रांग कातळाच्या वळणाआड जाई, आणि हंगाम सुरू झाल्यापासून अस्वल वळणापलीकडे गेलेच नव्हते. वळण ओलांडल्यावर ते थबकले. जांभळींपलीकडे, हिरड्यांपलीकडेही रांगच दिसत होती. कोणी बसल्या जागी पेंगत होते, कोणी नुसतेच खाली पाहत होते. जवळच गवा दिसला तेव्हा अस्वलाला बरे वाटले.

"काय गवादादा, या वर्षी दिसला नाहीत. रेडकू कुठंय तुमचं?"

"येत नाही आता," गवा म्हणाला. "सारखं परत जावं लागतं, म्हणून रुसलंय."

अस्वल आमराईपर्यंत गेले आणि परत फिरले. वर येताना ते डोहाकडे वळले. त्याने खंड्याला विचारले, "खरं सांग, मी पूर्वीपेक्षा सावकाश सोडतो का?"

"नाही," खंड्या म्हणाला. "डोह मोकळा व्हायला जेवढा वेळ लागायचा तेवढाच लागतो. पूर्वी दिवसभरात जेवढे उतरायचे, तेवढेच आजही उतरतात."

"मग रांग एवढी कशी वाढली?"

"कारण दिवस काही मोठा झाला नाही, दादा," सायाळ म्हणाली. "पीसवाला मधून आला की त्याच्यासाठी नवी पाळी तयार होत नाही. रांगेतल्या एकाची पाळी त्याला जाते. काल मी आजोबांची घेतली."

माथ्यावर वेगळाच गोंधळ चालला होता. आता इतक्या जणांकडे मोरपिसे झाली होती की कारवीतही लांबच लांब रांग लागली होती. म्हणून कोल्ह्याने रानकोंबड्याचे लाल पीस काढले होते. ज्याच्याकडे लाल पीस असेल त्याने मोरपीसवाल्यांच्याही पुढे जायचे. त्यासाठी आणखी मोठे पोळे आणायचे. माकडे दात विचकून कोल्ह्याशी भांडत होती. "आम्ही रानभर मध शोधायचा आणि पुन्हा इथं उभं राहायचं? मग आमची जुनी रांग काय वाईट होती?"

अस्वल त्यांच्यामध्ये जाऊन उभे राहिले. "पिसं बंद," ते म्हणाले. "मोराचंही बंद आणि कोंबड्याचंही बंद. कारवीतून येणाऱ्याला मी सोडणार नाही. रांग एकच राहील."

"आणि खाल्लेल्या मधाचं काय?" कोल्ह्याने विचारले.

"तो मी खाल्ला, मीच फेडीन. हंगाम संपला की उन्हाळाभर पोळी शोधीन आणि ज्याची त्याला नेऊन देईन." एवढे बोलून अस्वलाने मान खाली घातली. "मी आधीच एकदा खाली येऊन बघायला हवं होतं."

बिबट्या गुरगुरत निघून गेला. माकडे थोडा वेळ घुटमळली आणि मग आमराईकडे चालू लागली. सायाळही रांगेच्या टोकाला जाऊन उभी राहिली. सगळ्यात शेवटी कोल्हा आला. त्याला तिच्या काट्यांपासून बरेच अंतर सोडून उभे राहावे लागले, आणि एवढ्या लांबून पुढे काय चालले आहे हे दिसत नसल्याने तो दर थोड्या वेळाने विचारत होता, "हलली का? हलली का?"

पण पुढे सगळे थांबलेच होते. पहिला नंबर आजोबांचा होता. अस्वलाने त्यांना अगदी जपून सोडले. आजोबा निघाले, पाय आत घेतले, पण पाणी फार कमी झाले होते. कातळाच्या मध्यावर ते अडकले. कवच दगडाला घासले आणि थांबले. वरून उतरून त्यांना ढकलता येईना, खालून ओढता येईना. आजोबांनी मान बाहेर काढून इकडेतिकडे पाहिले आणि ओशाळून म्हणाले, "माझ्यामुळे सगळ्यांचा खोळंबा झाला."

ही बातमी रांगेतून तोंडोतोंडी शेवटपर्यंत पोहोचली. कोणी चडफडले नाही. सायाळ धावत पुढे आली. सशीण म्हणाली, "थोडं पाणी जास्त आलं असतं तर गेले असते."

ते ऐकून गवा ओढ्याच्या काठाने वर चढला. प्रवाह जिथे सगळ्यात अरुंद होता तिथे तो आडवा झोपला. त्याच्या पाठीमागे पाणी साठू लागले. कातळावरची धार आधी बारीक झाली आणि मग थांबली. सगळे वाट पाहत उभे होते. आजोबांना वरचे काही दिसत नव्हते. पाणी आटलेले पाहून ते सायाळीला म्हणाले, "संपलं वाटतं या वर्षीचं."

"थांबा थोडं, आजोबा," सायाळ म्हणाली. "आम्ही आहोत इथं."

गव्याच्या पाठीवरून पाणी सांडू लागले तेव्हा तो एका झटक्यात उठला. साठलेले सगळे पाणी एकदम सुटले. ते कातळावर आदळले आणि आजोबांना उचलून घेऊन निघाले. आजोबा गरगर फिरत, उलटसुलट होत, पूर्वी कधी गेले नव्हते इतक्या वेगाने खाली गेले आणि डोहात पडले. क्षणभर काही दिसेना. मग पाण्यातून मान वर आली आणि ते हसू ऐकू आले. रांगेतली पिल्ले हसू लागली, मग मोठी हसू लागली, आणि खंड्या शीळ घालायची विसरला.

त्या दिवशी आणखी काही जण उतरले, पण पाणी कमी होतच गेले आणि लवकरच कातळ उघडा पडला. आपल्या जागेवरून उठून वर गेलेला गवा परत रांगेत आला तेव्हा त्याची पाळी निघून गेली होती. त्या वर्षी त्याला एकदाही घसरता आले नाही. सशिणीने हळहळून त्याला तसे म्हटले, तेव्हा तो म्हणाला, "असू दे. आजोबांची घसरण पाहिली ना."

पुढच्या हंगामात रांग पुन्हा जांभळींच्या सावलीत आली. उन्हाळाभर पोळी फेडून अस्वल चांगलेच वाळले होते, पण माथ्यावर बसायच्या आधी ते रोज एकदा रांगेच्या टोकापर्यंत फेरी मारून येत असे. आजोबा मात्र आले नाहीत. पावसाळ्यातच ते गेले होते. सायाळीने पुढे कितीतरी हंगाम पाहिले. तिलाही नातवंडे झाली. ती रांगेत पिल्लांना गोळा करून जुन्या गोष्टी सांगू लागली. मोरपीस घेऊन ती एकदा झटपट खाली उतरली होती, ती घसरण कशी होती असे एका पिल्लाने विचारले तेव्हा तिने बराच विचार केला, पण तिला त्यातले काहीच आठवेना. आजोबांची वाट पाहत सगळे उभे होते, तो दिवस मात्र तिला जसाच्या तसा आठवत होता.

तात्पर्य : मोबदला देऊन रांगेत पुढे घुसणाऱ्याचा जो वेळ वाचतो, तो मागे उभ्या असलेल्या कोणाच्या तरी वाट्याचा असतो. आपली पाळी दुसऱ्याला प्रेमाने देता येते. दुसऱ्याची पाळी मात्र कोणी विकू नये आणि कोणी विकत घेऊ नये.